बिलोरी की साधी काच? जुन्या बाजारात क्रिस्टल पारखून घेताना

आपल्या भागात जुन्या चांगल्या काचेला एकच नाव आहे, ‘बेल्जम’, म्हणजे बेल्जियमची. फुलदाणी असो, आरसा असो नाहीतर झुंबराचा सुटा लोलक असो, विकणारा म्हणणार, “अक्का, अस्सल बेल्जम हाय बघा. क्यांपातल्या सायबाच्या बंगल्यातनं आलंय.” बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात गेली अठरा-वीस वर्षं मी जुनी काच शोधत फिरते आहे. हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, सांगता येत नाही.

ते वाक्य दर वेळी खोटं असतं असंही नाही. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे इथं मोठी छावणी वसली. बदली झालेला अधिकारी घरातलं सामान इथंच विकून जायचा. भोवताली कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, रामदुर्ग, सावंतवाडी अशी संस्थानं, त्यांच्या वाड्यांतून हंड्या-झुंबरं. आणि चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. तिथल्या जुन्या घरांतल्या कपाटांत पोर्तुगालहून आलेले पेले अजून सापडतात. तेव्हा चांगली काच आपल्याकडे फिरते हे खरंच आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट इतकी सहज खपते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं एवढं पक्कं करावं की वस्तू कुठून आली हे विकणारा सांगणार, ती काय आहे हे वस्तूलाच विचारायचं. कसं विचारायचं, त्यासाठी हा लेख.

आधी काच समजून घ्या

माझी आजी चांगल्या काचेला ‘बिलोरी’ म्हणायची. बिलोर म्हणजे स्फटिक. स्फटिकासारखी दिसते ती बिलोरी काच. इंग्रजीतल्या ‘क्रिस्टल’चा अर्थ तोच, आणि दोन्हीकडे वस्तुस्थिती एकच आहे, हा खरा स्फटिक नव्हे, काचच आहे. फरक घटकांत आहे. खिडकीची, बरणीची, चहाच्या ग्लासची काच वाळू, सोडा आणि चुना यांची असते. १६७४ मध्ये लंडनच्या जॉर्ज रेव्हनस्क्रॉफ्टनं काचेत शिशाचा ऑक्साइड घालण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. शिशामुळे काच जड झाली, प्रकाश जास्त वाकवू लागली आणि चाकावर पैलू पाडायला मऊ झाली. पैलूदार पेले, डिकँटर म्हणजे दारू ओतून ठेवायच्या बुचाच्या बाटल्या, झुंबरं यांचं युग तिथून फुललं.

आज युरोपात कशाला काय म्हणायचं ते १९६९ च्या नियमानं ठरलेलं आहे. शिशाचा ऑक्साइड २४ टक्के किंवा जास्त असेल तर लेड क्रिस्टल, ३० टक्के किंवा जास्त असेल तर फुल लेड क्रिस्टल. पहिल्याची घनता निदान २.९०, दुसऱ्याची निदान ३.००. साध्या काचेची घनता २.५ च्या आसपास असते. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

मात्र शिसं नाही म्हणजे वस्तू टाकाऊ, असं समजू नका. बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक देशातली जुनी काच पोटॅश आणि चुन्याची असायची. ती पातळ कोरीवकामाला फार सुंदर. १८५७ पासूनची कार्लोव्ही वारीची मोझर कंपनी तर बिनशिशाच्या क्रिस्टलसाठीच नावाजलेली आहे.

पहिली पायरी: दिवसा जा, उजेडात बघा

दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली कुठलीही काच झळकते. वस्तू हातात घ्या, दारात या आणि पांढऱ्या कागदावर धरा. काठाकडून आत बघा. साध्या काचेत बहुधा हिरवट छटा दिसते, लेड क्रिस्टल स्वच्छ किंवा किंचित चंदेरी-करडं दिसतं. उन्हात धरल्यावर पैलूंतून इंद्रधनुष्याचे तुकडे भिंतीवर पडले तर चांगलं, पण तेवढ्यावर खूश होऊ नका. चांगले पैलू असलेली साधी काचही थोडे रंग फेकते.

दुसरी पायरी: बोट आणि नख

बोटाचं पेर पैलूच्या कडेवरून अलगद फिरवा. चाकावर कापलेली कड टोकदार लागते, कापणार नाही पण कळेल अशी. साच्यात दाबून काढलेल्या काचेत तीच कड गोलसर, विरघळल्यासारखी लागते. मग आतून बोट फिरवा. हाताने कापलेल्या भांड्याचा आतला पृष्ठभाग सपाट, गुळगुळीत असतो, कारण नक्षी बाहेरून कापलेली असते. साच्याच्या भांड्यावर बाजूनं वर जाणारी बारीक शिवण शोधा, दोन किंवा तीन ठिकाणी. ती नक्षीच्या रेषेत लपवलेली असते, म्हणून डोळ्यापेक्षा नखाला आधी सापडते.

नक्षीचे सगळे तारे मोजून मापून हुबेहूब एकसारखे असतील तर सावध व्हा. हातकामात एखादी रेघ थोडी लांब जाते, दोन रेघा जिथं मिळायच्या तिथं केसभर चुकतात. अशी चूक दिसली की मला आनंदच होतो, तिथं माणसाचा हात दिसतो.

आता आवाज. पेल्याच्या कडेला नखानं हलकेच टिचकी मारली की लेड क्रिस्टल घंटेसारखं वाजतं आणि नाद रेंगाळतो. सगळे एवढंच शिकून येतात आणि इथंच फसतात. पातळ, उघड्या तोंडाच्या पेल्याला हे लागू पडतं. जाड तळाचा ॲशट्रे, अरुंद तोंडाची बाटली, छोटी अत्तरदाणी अस्सल असली तरी ठक्क एवढाच आवाज करते. पेला दांड्याला धरून वाजवा, वाटीला हात लागला की नाद मरतो. आणि चांगला दिसणारा पेला बद्द वाजला तर चीर शोधा.

तिसरी पायरी: वजनकाटा

ही परीक्षा मी सगळ्यांत वर ठेवते, कारण इथं मत चालत नाही, आकडा चालतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, पसरट पातेलं, मजबूत नायलॉनचा दोरा, एवढंच लागतं.

आधी कोरडी वस्तू तोला आणि आकडा लिहा. मग पातेल्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तूला दोरा पक्का बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल अशी लटकवून धरा. तळाला, बाजूला कुठंही टेकता कामा नये. आत हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका, बाटली असेल तर आधी आत पाणी भरून मग बुडवा. काटा आता जे दाखवेल ते वस्तूनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा, आली घनता.

गेल्या पावसाळ्यात शहापुरात एका जुन्या सामानवाल्याकडे मला एक वाडगा दिसला. कडेला करवतीसारखे दाते, तळाला सोळा पाकळ्यांचा तारा. शेजारच्या किराणा दुकानदाराला विनंती केली, “मामा, पाच मिनिटं काटा देता काय?” त्यांनी काटा तर दिलाच, गिऱ्हाईक थांबवून स्वतः बघायला उभे राहिले. कोरडं वजन ८४६ ग्रॅम. पाण्यात लटकवल्यावर काटा २८८ वर थांबला. ८४६ भागिले २८८ म्हणजे २.९४. लेड क्रिस्टल, नक्की. त्याच दुकानातली दुसरी वस्तू, ‘बेल्जम’ म्हणून दुप्पट भाव सांगितलेली फुलदाणी, ६१५ ग्रॅमची होती आणि पाण्यात २४६ दाखवत होती. म्हणजे बरोबर २.५. साधी काच. विकणाऱ्यानं मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, त्यालाही तसंच सांगून कुणीतरी विकली असणार.

दोन गोष्टी सांभाळा. दोनशे ग्रॅमच्या आतल्या वस्तूवर एका ग्रॅमच्या चुकीनंही उत्तर बरंच हलतं, तिथं दोन-तीनदा तोलून सरासरी घ्या. आणि काटा शिसं आहे की नाही एवढंच सांगतो. वस्तू किती जुनी, कुणी बनवली, हे तो सांगत नाही. दुकानात तोलायची मुभा नसेल तर हट्ट धरू नका, पण मग अस्सलपणाचा भावही देऊ नका.

चौथी पायरी: तळ वाचा

वस्तू उलटी करा. कामाची बहुतेक माहिती तळाला असते. हाताने फुंकलेल्या भांड्याला सळईवरून तोडल्याची खूण मध्यावर राहते, स्वस्त कामात खरबरीत, चांगल्या कामात घासून चकचकीत केलेला उथळ खळगा.

मग झीज बघा. शंभर वर्षं टेबलावर, फडताळात सरकलेल्या भांड्याच्या तळाला, जिथं ते टेकतं त्या कडेवर, असंख्य बारीक ओरखडे असतात. ते सगळ्या दिशांनी जातात, काही खोल, काही पुसट. सँडपेपरवर घासून आणलेलं म्हातारपण ओळखता येतं, कारण ओरखडे एकाच दिशेचे आणि सारख्या खोलीचे असतात, आणि जिथं तळ टेकतच नाही तिथंही दिसतात. दहापटीचं भिंग जवळ ठेवाच, सोनाराच्या सामानाच्या दुकानात मिळतं.

डिकँटर असेल तर काचेचं बूच उपसा. जुन्या चांगल्या डिकँटरांत पुष्कळदा बुचाच्या देठावर आणि बाटलीच्या गळ्याशी एकच आकडा कोरलेला असतो, कारण प्रत्येक बूच त्याच्या गळ्यात घासून बसवलेलं असे. आकडे जुळले तर जोडी मूळची. बूच डगमगत असेल किंवा अर्धवट बसत असेल तर ते दुसऱ्या बाटलीचं समजा, आणि भाव तसाच करा.

पाचवी पायरी: नाव, शिक्का, चिठ्ठी

मी सुरुवातीच्या काळात इथंच ठेच खाल्ली. संध्याकाळची वेळ, ट्यूबलाइटखाली एक फुलदाणी, तळाला ‘वॉटरफर्ड’. नाव वाचलं आणि पैसे मोजले. घरी येऊन भिंगाखाली धरली तेव्हा अक्षरं थरथरलेली होती, प्रत्येक वळणावर हत्यार थांबून पुढे गेलेलं, रेघेच्या दोन्ही कडांना काचेचे बारीक टवके. कुणीतरी कोरायच्या मशीननं नाव घातलं होतं. कारखान्यात आम्लानं उमटवलेला खरा शिक्का मऊ, धुक्यासारखा असतो, कडा स्वच्छ असतात, आणि तो इतका पुसट असतो की तळावर तोंडाची वाफ सोडून, तिरक्या उजेडात शोधावा लागतो. पटकन दिसणाऱ्या नावावर म्हणून मी आधी शंका घेते.

काही घराण्यांचा इतिहास ठाऊक असला तर खोटी तारीख लगेच पकडता येते. आयर्लंडचा वॉटरफर्ड कारखाना १७८३ चा, पण १८५१ मध्ये बंद पडला आणि १९४७ मध्ये नव्यानं सुरू झाला. तळाला आम्लानं उमटवलेलं वॉटरफर्ड नाव असेल तर वस्तू या दुसऱ्या काळातली, मग विकणारा ‘दोनशे वर्षांपूर्वीची’ म्हणो. फ्रान्सचा बाकारा १७६४ चा, पण सगळ्या मालावर शिक्का मारणं १९३६ पासून. त्याआधीच्या बाकारावर शिक्का नसणं हीच नेहमीची गोष्ट. फ्रान्सच्याच रने लालिक या काचकलाकाराचं निधन १९४५ चं. त्याच्या हयातीतल्या मालावर नावाआधी ‘आर’ असतो, नंतरच्या मालावर तो नसतो. नंतरच्या किंवा भलत्याच काचेवर तो ‘आर’ घुसवणं ही जुनी लबाडी आहे. गल्फहून, गोव्याहून येणाऱ्या स्वारोव्स्की कंपनीच्या छोट्या काचेच्या प्राण्यांवर हंसाचा शिक्का असेल तर ती १९८० च्या दशकाच्या अखेरीनंतरची.

चिठ्ठीवरच्या देशाचं नावही साल सांगतं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ ते १९९२ मधली, ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधली. अर्थात चिठ्ठी सोलून दुसरीकडे चिकटवता येते. खाली धूळ आणि गोंदाचा पिवळेपणा आहे का ते बघा.

झुंबर आणि लोलकांबद्दल थोडं वेगळं. हिंदुस्थानातल्या वाड्यांत बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचा माल खूप आला, कलकत्त्याला त्यांची स्वतःची पेढी होती. पण एका झुंबरात चार काळांचे लोलक असू शकतात, तुटतील तसे बदलत गेलेले. सुटे लोलक घेताना प्रत्येकाची कड तपासा. साच्यातले लोलक चटकन कळतात, पैलूंच्या मिळण्याच्या रेषा त्यांच्यात बोथट असतात.

सहावी पायरी: दोष

टवके डोळ्याला चुकतात, बोटाला चुकत नाहीत. ओठ लागतो ती कड पूर्ण फिरवून बघा. सहा पेल्यांचा संच असेल तर सगळे शेजारी ठेवून उंची मोजा. एखादा दोन मिलिमीटरनं बुटका असेल तर फुटकी कड घासून सारखी केलेली आहे. घासलेली कड सपाट आणि धारदार लागते, मूळची कड गोलसर.

डिकँटरच्या आत ढगाळ, दुधट थर दिसला तर विकणारा म्हणेल, “धुतलं की जातंय.” कधी जातं, कधी जात नाही. जे नुसतं पाण्याच्या क्षाराचं असेल ते व्हिनेगरनं निघतं. काचेलाच कीड लागली असेल, वर्षानुवर्षं ओलसर राहून पृष्ठभाग खाल्ला गेला असेल, तर कायमचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, खानापूर-जांबोटीकडच्या ओलसर घरांत असं फार होतं. बाटली आतून ओली केली की हा थर दिसेनासा होतो आणि वाळल्यावर परत येतो. म्हणून आतून ओली किंवा तेल फिरवलेली बाटली कधी घेऊ नका. कोरडी करून दाखवा म्हणावं.

नोटा तपासायची जांभळी टॉर्च असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात मारून बघा. डिंकानं जोडलेली जागा पुष्कळदा पांढरट किंवा निळसर चमकते. हिरवट-पिवळी काच लख्ख हिरवी पेटली तर ती युरेनियमची काच, तिचे वेगळे शौकीन आहेत.

भाव, कायदा आणि घरातला वापर

भाव विचारण्याआधी मनात आपला आकडा ठरवा. घनता, कड, तळ, दोष, सगळं बघून झाल्यावरच बोलणं सुरू करा. “सायबाचा बंगला” या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, त्या घराची पावती, जुना फोटो, लिलावाचा कागद असेल तर जरूर द्या. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या लेकीसाठी, भावासाठी घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

आपल्या मातीतली काचही विसरू नका. लोकमान्यांच्या प्रेरणेनं पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगावला उभा राहिला, आणि ओगल्यांच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील तर आपल्या आजोबांच्या ओसरीवर होता. पुण्याहून मिरजेमार्गे बेळगावला येताना कराड स्टेशन लागतं, ते ओगलेवाडीतच. ही काच क्रिस्टल नव्हे, पण ‘प्रभाकर’ नावाची कंदिलाची मूळ चिमणी धड अवस्थेत मिळाली तर मी ती विलायती फुलदाणीच्या आधी उचलेन.

घरी आणल्यावर लेड क्रिस्टलमध्ये खाण्यापिण्याचं काही साठवू नका. आंबट पदार्थात शिसं उतरतं. कोकम सरबत, लिंबाचं पाणी, लोणचं, दारू, काहीही रात्रभर ठेवायचं नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्यातून प्यायला देऊच नका. गरम चहा-दूध ओतलं तर काच तडकते. धुवायची तर प्लास्टिकच्या टबात खाली टॉवेल अंथरून, कोमट पाणी आणि साधा साबण घेऊन एकेक वस्तू धुवा.

वाटेत न्यायची असेल तर बूच बाटलीत बसवून कधीच नेऊ नका, चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर गळा आतून तडकतो. बूच वेगळ्या फडक्यात, बाटली जुन्या सुती साडीच्या तीन-चार घड्यांत गुंडाळा. पेले उभे ठेवा, आडवे नको, आणि पिशवी बसच्या फळीवर न ठेवता मांडीवर घ्या.